रेणूंची सोयरीक
दोन पॉलिमर खरोखर एकजीव झाले की नुसते शेजारी बसले, हे अवरक्त किरणांनी कळते. भंडाऱ्याच्या कोशापासून रक्ताच्या पिशवीपर्यंत हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

भंडारा शहराची जुनी ओळख पितळेच्या भांड्यांची. तांबे आणि जस्त एकत्र वितळवले की त्यांचे पितळ होते. ते इतके एकजीव असते की तांबे कुठे संपले आणि जस्त कुठे सुरू झाले, हे साध्या भिंगाने शोधूनही सापडत नाही. याच जिल्ह्याची दुसरी ओळख म्हणजे कोसा रेशीम. मोहाडी, आंधळगाव या भागांतले विणकर कोशाच्या सुताचे कापड विणतात. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या इथल्या ‘करवत काठी’ साड्यांना आणि कापडाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

या दोन कारागिऱ्यांचा एकमेकींशी वरवर काही संबंध दिसत नाही. पण पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहिले तर त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. पितळ धातूंचे, आणि धातू सहज मिसळतात. कोसा हा पॉलिमर आहे, आणि पॉलिमर सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. मग जखमेवर लावायच्या पट्टीसाठी कोशाच्या प्रथिनात दुसरा पदार्थ मिसळायचा असेल, तर तो खरोखर मिसळला की नाही हे ओळखायचे कसे? आणि ‘शुद्ध कोसा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साडीत पॉलिस्टर घुसले आहे का, हे साडी न जाळता कळेल का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच तंत्राकडे आहेत. त्याचे नाव वर्णपटशास्त्र, म्हणजेच स्पेक्ट्रोस्कोपी.

लांब साखळ्यांचा हट्ट

पॉलिमर म्हणजे लहान लहान घटक एकापुढे एक जोडून तयार झालेली लांब साखळी. मराठीत त्याला बहुवारिक म्हणतात. कापूस, भातातले पिष्ट, रेशीम, लोकर ही निसर्गाने केलेली बहुवारिके. पॉलिथिनची पिशवी, पाण्याची बाटली, सलाईनची नळी, मासेमारीचे नायलॉनचे जाळे ही माणसाने केलेली. हे पदार्थ म्हणजे खरोखरच प्रचंड लांबीचे रेणू आहेत, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हरमान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली, तेव्हा अनेकांनी ती मानली नव्हती. त्याच कामासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

लांब साखळ्या मिसळायला नाखूश का असतात, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातले उदाहरण पुरेसे आहे. मूठभर तांदूळ आणि मूठभर डाळ एका ताटात ढवळली की दाणे आपोआप विखुरतात. कारण प्रत्येक दाणा सुटा आहे आणि विखुरलेल्या अवस्थेत बसण्याच्या त्यांच्या रीती असंख्य आहेत. निसर्गाचा ओढा अशा विखुरण्याकडेच असतो. आता तेच दाणे हजार-हजारांच्या माळांमध्ये ओवले आहेत असे समजा. माळेतला प्रत्येक दाणा शेजारच्या दाण्याला बांधलेला. तो मनाला येईल तिथे जाऊ शकत नाही. विखुरण्याच्या रीती एकदम कमी होतात आणि मिसळण्याचा तो फुकटचा फायदा जवळजवळ संपतो.

हे गणित अमेरिकेत पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे मांडले. फ्लोरी यांना पुढे १९७४ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या सिद्धांताचा सार असा, की लांब साखळ्यांमध्ये थोडीशी नावड असली तरी त्या वेगळ्या होतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन यांचे उदाहरण घ्या. दोन्हींत फक्त कार्बन आणि हायड्रोजन, दोन्ही दिसायला सारखे, दोन्ही आपल्या घरातल्या डब्या-झाकणांत. तरीही वितळवून एकत्र केले तर थंड होताना एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात वेगळे राहतात. अशा भेसळीतून बनवलेली वस्तू थेंबांच्या सीमेवर फुटते. भंगारातल्या मिसळलेल्या प्लास्टिकची बादली लवकर का तडकते, याचे एक मोठे कारण हेच.

सोयरीक जुळते कुठे?

मिसळण्याचा फुकटचा फायदा नसेल, तर एकच मार्ग उरतो. दोन साखळ्यांमध्ये खरीखुरी ओढ हवी. त्यांच्या रेणूंची सोयरीक जुळावी लागते.

ही ओढ अनेक प्रकारची असते. त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे हायड्रोजन बंध. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजन थोडा धनभारित असतो. समोर दुसऱ्या रेणूतला थोडा ऋणभारित ऑक्सिजन आला की दोघे एकमेकांकडे खेचले जातात. हा बंध नेहमीच्या रासायनिक बंधापेक्षा फारच दुबळा असतो. दोन कार्बन अणूंमधला बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण पंधराव्या-विसाव्या हिश्शात हायड्रोजन बंध तुटतो. पण एका साखळीवर असे शेकडो हात असतील तर त्यांची एकत्र पकड घट्ट होते. धोतराची एकेक गाठ सैल असली तरी शंभर गाठी सुटत नाहीत, तसे.

अशी जोडी जमली की उद्योगाचे नशीबच उघडते. पॉलिफिनिलिन ऑक्साइड नावाचे प्लास्टिक उष्णतेला टिकते, पण साच्यात घालायला अवघड. पॉलिस्टायरिन साच्यात सहज बसते, पण उष्णतेला टिकत नाही. या दोघांच्या साखळ्यांमधली कड्यांच्या आकाराची रचना एकमेकींना मानवते आणि ते रेणूंच्या पातळीवर मिसळतात. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६० च्या दशकात हे मिश्रण ‘नॉरिल’ या नावाने बाजारात आणले. यंत्रांच्या आवरणांपासून मोटारींच्या भागांपर्यंत ते पोहोचले.

पण असे योग विरळा. म्हणूनच संशोधकापुढे नेहमी प्रश्न उभा राहतो. भांड्यात ढवळलेले द्रावण स्वच्छ दिसते, वाळवलेली पातळ चकती पारदर्शक दिसते. आत मात्र नेमके काय घडले आहे?

उजेडाने रेणू ऐकायचे

रेणूतले अणू स्थिर नसतात. दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा असतो आणि अणू सतत थरथरत असतात. स्प्रिंग कडक असेल तर थरथर जलद, अणू जड असतील तर ती मंद. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला दुहेरी बंध, ज्याला कार्बोनिल म्हणतात, तो सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी वेळा थरथरतो. योगायोगाने हा वेग अवरक्त किरणांच्या कंपनांशी जुळतो. अवरक्त म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. त्या अदृश्य उजेडाची पहिली ओळख ती.

असा उजेड पदार्थावर सोडला की प्रत्येक बंध आपल्या लयीशी जुळणारा भाग शोषून घेतो. उरलेला उजेड यंत्रात मोजला की कागदावर डोंगर-दऱ्यांची एक रेघ उमटते. हाच अवरक्त वर्णपट. त्यातल्या जागा ‘प्रति सेंटिमीटर’ या एककात सांगतात, म्हणजे एका सेंटिमीटरच्या अंतरात किती तरंग बसतात. कार्बोनिल साधारण १७०० च्या आसपास दिसते, ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध ३२०० ते ३६०० या पट्ट्यात. आजच्या यंत्रात बोटाच्या पेराएवढा नमुना हिऱ्याच्या लहानशा खड्यावर दाबून ठेवला की मिनिटभरात वर्णपट तयार होतो. नमुना जाळावा लागत नाही, विरघळवावा लागत नाही.

या तंत्राला एक देशी जोडीदार आहे. पदार्थावर एकाच रंगाचा उजेड टाकला तर विखुरलेल्या उजेडाचा अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि तो बदल रेणूंच्या थरथरीचा हिशेब सांगतो. हा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केला आणि त्यांना १९३० चे नोबेल मिळाले. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. त्याच्या बऱ्याच आधी, १९१० मध्ये, रामन सरकारी वित्त खात्याच्या नोकरीत थोडा काळ नागपुरात होते. भंडाऱ्याहून नागपूरला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

बेरीज की बदल?

आता मुख्य मुद्दा. मिश्रणाच्या वर्णपटातून सोयरीक कशी ओळखतात?

समजा ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन पॉलिमर आहेत. आधी दोघांचे वर्णपट वेगवेगळे घ्यायचे. मग मिश्रणाचा घ्यायचा. मिश्रणाचा वर्णपट जर ‘अ’ आणि ‘ब’ यांची साधी बेरीज निघाली, तर अर्थ स्पष्ट आहे. दोघे एकाच घरात राहतात, पण बोलत नाहीत. पण एखादे शिखर जागा सोडून सरकले, रुंद झाले किंवा त्याच्या शेजारी नवे शिखर उगवले, तर दोघांच्या रेणूंमध्ये काहीतरी देवाणघेवाण झाली आहे.

शिखर सरकते का, तेही साधे आहे. झोका आपल्या लयीत चालू असतो. त्याच्या दोरीला कोणी हलका हात लावला की लय बदलते. कार्बोनिलच्या ऑक्सिजनला शेजारच्या साखळीतल्या हायड्रोजनने धरून ठेवले की त्याची स्प्रिंग किंचित सैल होते आणि थरथर मंदावते. वर्णपटात ते शिखर खालच्या आकड्याकडे सरकते.

पाठ्यपुस्तकांत याचे एक नेमके उदाहरण असते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हा शरीरात हळूहळू विरघळणारा पॉलिमर. त्याचे मोकळे कार्बोनिल १७३४ च्या आसपास दिसते. त्यात पॉलिव्हिनाइलफिनॉल हा हायड्रोजन देऊ करणारा पॉलिमर मिसळला की १७०८ च्या आसपास दुसरे शिखर वर येते. पहिले शिखर मोकळ्या हातांचे, दुसरे धरलेल्या हातांचे. दोन्ही शिखरांखालचे क्षेत्रफळ मोजले की शंभरातले किती हात धरलेले आहेत, याचा अंदाज येतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात मायकेल कोलमन आणि पॉल पेंटर यांनी अशा मोजण्यांवरून कोणते पॉलिमर मिसळतील याचे भाकीत करण्याची रीतच घालून दिली.

तरी एकट्या वर्णपटावर कोणी विसंबत नाही. सोबत उष्णतेची तपासणी करतात. प्रत्येक पॉलिमर एका ठरावीक तापमानाला काचेसारखा कडक असलेला मऊ होऊ लागतो. मिश्रणात असे एकच तापमान मिळाले तर ते एकजीव; दोन मिळाली तर दोघे अजून वेगळेच नांदत आहेत. सूक्ष्मदर्शकाची साक्ष तिसरी. तिन्ही साक्षी जुळल्या की मगच निकाल.

कोशाच्या आत

हे सगळे भंडाऱ्याच्या कोशाला कसे लागू पडते? कोसा किंवा टसर म्हणजे अँथेरिया मायलिटा या रानरेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. हा किडा तुतीवर नव्हे, तर ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो, तोही घरात नव्हे तर उघड्या रानात. पूर्व विदर्भात ढिवर समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे पालन करत आली आहेत. पाखरे, मुंग्या, माकडे आणि लहरी पाऊस यांच्यापासून किडे राखायचे, हे त्यांच्यातल्या अनेकांचे मासेमारीच्या जोडीचे काम.

रसायनाच्या भाषेत कोसा हे फायब्रॉइन नावाचे प्रथिन. त्यावर सेरिसिन या दुसऱ्या प्रथिनाचा डिंकासारखा थर असतो. कोश सोड्याच्या पाण्यात शिजवतात तो हाच थर सैल करण्यासाठी. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि दोन अमिनो आम्लांमधला सांधा म्हणजे अमाइड बंध. त्यात कार्बोनिल आहे आणि नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजनही आहे. म्हणजे हात देणारा आणि हात धरणारा, दोघे एकाच साखळीवर. रेशमाचा चिवटपणा यातूनच येतो. साखळ्या समांतर येऊन पापुद्र्यांसारख्या बसतात आणि हजारो हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात. या रचनेला बीटा पत्रक म्हणतात.

वर्णपटात ही रचना लगेच ओळखू येते. साखळी विस्कटलेली किंवा मळसूत्री असेल तर अमाइडचे पहिले शिखर १६५० च्या आसपास येते. पत्रके बनली की ते १६२० ते १६३० च्या दरम्यान सरकते. फरक वीस-तीस आकड्यांचा, पण परिणाम मोठा. विस्कटलेल्या फायब्रॉइनची पातळ चकती पाण्यात विरघळते. तिच्यावर मेथेनॉल किंवा इथेनॉलची प्रक्रिया करून पत्रके बनवली की ती पाण्यात टिकते. जखमेवर ठेवायच्या पट्टीसाठी हा फरक म्हणजे उपयोग होणे आणि न होणे यातला फरक आहे. पट्टी तासाभरात विरघळणार की आठवडाभर टिकणार, हे रुग्णाच्या अंगावर लावण्याआधीच वर्णपट सांगतो.

वैद्यकात टसरकडे लक्ष जाण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा एक ठरावीक क्रम आढळतो. आपल्या शरीरातल्या पेशी नेमक्या अशाच क्रमाला ओळखून चिकटतात. तुतीच्या रेशमात तो नाही. त्यामुळे नव्या पेशी वाढवण्यासाठी आधाराची जाळी बनवायची तर टसर उपजतच सोयीचे. खरगपूरच्या आयआयटीमध्ये सुभाष कुंडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टसरच्या फायब्रॉइनवर यासाठी बरेच काम केले आहे.

अडचणही मोठी आहे. तुतीचे रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळते, टसर तिथे दाद देत नाही. त्याच्या साखळीत ॲलानिन या अमिनो आम्लाची लांबच लांब रांग असते आणि त्या रांगा फारच घट्ट बसतात. म्हणून संशोधकांना कोश करण्याच्या बेतात असलेल्या किड्याच्या रेशीमग्रंथीतून प्रथिन काढावे लागले, किंवा वेगळ्या प्रकारचे द्रावक शोधावे लागले.

नुसत्या फायब्रॉइनची चकती वाळली की ठिसूळ होते. म्हणून त्यात दुसरा पॉलिमर मिसळतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, जिलेटिन, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे नेहमीचे उमेदवार. कायटोसानवर हायड्रोजन देणारे गट भरपूर असल्याने सोयरीक जुळण्याची शक्यता चांगली. रेशीम आणि कायटोसान यांच्या मिश्रणांवरच्या अभ्यासांत अमाइडची शिखरे सरकलेली दिसली आहेत; काही प्रमाणांत तर कायटोसानच्या संगतीने फायब्रॉइनच्या साखळ्या पत्रकांच्या रचनेकडे वळल्या. इथे मिश्रणाचे प्रमाण ठरवताना अंदाजपंचे चालत नाही. एक भाग जास्त झाला तर दोघे वेगळे होतात, पट्टीला भेगा पडतात आणि त्या भेगांत जंतूंना जागा मिळते.

साडीतली भेसळ

प्रयोगशाळेत चाललेली ही तपासणी विणकराच्या दाराशीही उपयोगी पडते. फरक एवढाच, की साडीतली भेसळ रेणूंची नसते, धाग्यांची असते. ताणा कोशाचा आणि बाणा पॉलिस्टरचा, किंवा दोन्ही यंत्रमागावरच्या कृत्रिम धाग्याचे आणि रंग तेवढा कोशाचा. डोळ्यांना आणि हाताला फसवणे सोपे झाले आहे. वर्णपटाला फसवणे तेवढे सोपे नाही.

पॉलिस्टरमध्ये एस्टर नावाचा गट असतो आणि त्याचे कार्बोनिल १७१५ ते १७२० च्या आसपास ठसठशीत शिखर देते. रेशमात तिथे सपाटी असते. व्हिस्कोस म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. त्यात अमाइडची शिखरेच नसतात. खरी कसोटी लागते ती नायलॉनची. नायलॉनच्या साखळीतही रेशमासारखाच अमाइड बंध आहे, त्यामुळे त्याची दोन मुख्य शिखरे रेशमाच्या शेजारीच येतात. मात्र नायलॉनमध्ये कार्बन-हायड्रोजनच्या लांब रांगा असल्याने २९२० आणि २८५० जवळ उंच शिखरे दिसतात. रेशमात ती बुटकी असतात. म्हणजे ढिवराच्या जाळ्यातला धागा आणि त्याच्याच कोशातला धागा रसायनाने चुलतभाऊ असले तरी ओळखू येतात.

तुतीचे रेशीम टसर म्हणून विकले तर? तेही कळते. टसरमधल्या ॲलानिनच्या रांगांचे एक शिखर ९६५ च्या आसपास येते. तुतीच्या रेशमात ग्लायसिन-ॲलानिनची जोडी असल्याने तिथे ९७५ आणि १००० जवळची दोन शिखरे दिसतात.

या तंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हिऱ्याच्या खड्यावर ठेवलेल्या नमुन्याचा एक-दोन मायक्रॉन जाडीचा वरचा थरच वाचला जातो. कपड्यावर खळ किंवा मऊपणासाठी रसायन लावले असेल तर आधी धुवावे लागते. ताणा आणि बाणा वेगवेगळे तपासावे लागतात, नाहीतर वरचा धागा खालच्याला झाकतो. ओलावाही घोटाळा करतो, कारण पाण्याचे स्वतःचे शिखर १६४० जवळ, नेमके रेशमाच्या शिखरावर येऊन बसते. आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी, की वर्णपट धागा कोणता हे सांगतो. तो आंधळगावच्या हातमागावर विणला की आणखी कुठे, हे सांगत नाही. त्यासाठी भौगोलिक मानांकनाची नोंद आणि विणकराची ओळख लागतेच.

ग्राहकाकडे यंत्र नसते. त्याने केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सुरू झालेले ‘सिल्क मार्क’चे लेबल पाहावे. शंका आलीच तर पदराच्या आतल्या बाजूचा एक आडवा आणि एक उभा धागा वेगवेगळा काढून जाळून पाहावा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखे जळते. एकच धागा जाळून समाधान मानणाऱ्याला अर्धी भेसळ हमखास फसवते.

रक्ताची पिशवी आणि औषधाची गोळी

रेणूंची सोयरीक जुळली नाही तर काय होते, याचे उदाहरण प्रत्येक रुग्णालयात आहे. रक्ताच्या पिशव्या आणि सलाईनच्या नळ्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. मूळ पीव्हीसी पाइपसारखे टणक. ते मऊ करण्यासाठी त्यात डीईएचपी नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात घालतात. हे द्रव्य साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, दुबळ्या ओढीने नुसते टिकून असते. म्हणून ते हळूहळू रक्तात उतरते. हार्मोनच्या कामात ते ढवळाढवळ करू शकते अशी चिंता असल्याने, विशेषतः नवजात बाळांच्या बाबतीत, पर्यायांचा शोध सुरू आहे. दुसरीकडे, साठवलेल्या तांबड्या पेशी टिकायला हेच द्रव्य मदत करते, त्यामुळे ते एकदम काढून टाकणेही सोपे नाही. नवा पर्याय पीव्हीसीला किती घट्ट धरून राहतो, हे तपासण्याच्या साधनांत अवरक्त वर्णपट आहेच.

औषधांतही हीच गोष्ट. काही औषधे पाण्यात फार कमी विरघळतात. ती पॉलिमरमध्ये अशा रीतीने विखुरतात की त्यांचे स्फटिक बनू नयेत. इंडोमेथासिन हे वेदनाशामक आणि पीव्हीपी हा पॉलिमर ही अभ्यासातली प्रसिद्ध जोडी. औषधाने पॉलिमरच्या कार्बोनिलला धरले तर ते विखुरलेले राहते. पकड सुटली तर साठवणीत, विशेषतः दमट हवेत, औषध पुन्हा स्फटिक होते आणि पोटात नीट विरघळत नाही. गोळी तीच दिसते, गुण कमी होतो. औषधाच्या वेष्टनावर ‘कोरड्या जागी ठेवा’ असे लिहिलेले असते, त्याचा एक अर्थ हा आहे.

आणि शेवटी कचरा. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी कचऱ्यातले प्लास्टिक संपलेले नाही. ते पुन्हा वापरायचे तर आधी जातीजातीने वेगळे करावे लागते. मोठ्या केंद्रांत धावत्या पट्ट्यावर अवरक्त किरणांनी हे क्षणात होते. काळे प्लास्टिक मात्र तिथून अनेकदा निसटते, कारण त्यातली काजळी सगळाच उजेड गिळते. आपल्या गावांत हे काम अजून भंगार वेचणाऱ्या बायकांच्या हातांनी, आवाजाने आणि वासाने होते.

जवळची गरज

वर्णपटाचे यंत्र आता दुर्मीळ राहिलेले नाही. विद्यापीठांत आणि औषध कारखान्यांत ते नेहमीचे झाले आहे, आणि रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्याचा वर्णपट वाचायला शिकवतात. कोसा जिथे पिकतो आणि विणला जातो, त्या जिल्ह्यात तो तपासण्याची सोय हाताशी असली तर त्याचा फायदा दोन टोकांना आहे. विणकराला आपला माल खरा आहे हे कागदावर दाखवता येईल आणि पॉलिस्टरच्या साडीशी भावात झुंजावे लागणार नाही. रानात कोश राखणाऱ्या कुटुंबाला, सुताच्या कामी न येणारे भोक पडलेले किंवा दबलेले कोशही वैद्यकीय उपयोगाच्या प्रथिनासाठी विकण्याची वाट कधीतरी मोकळी होऊ शकेल.

पितळेचा कस भंडाऱ्याचा कारागीर रंगावरून आणि ठोक्याच्या आवाजावरून ओळखत आला. कोशाचा कस जाणता विणकर बोटांनी ओळखतो. ज्याला ती बोटे लाभलेली नाहीत, त्या ग्राहकाला आणि डॉक्टरला मात्र दुसरा साक्षीदार हवा. तो उजेडाच्या रूपाने दोनशे वर्षांपूर्वीच सापडला आहे. त्याला गावापर्यंत आणणे तेवढे बाकी आहे.